सिनेमा सुटल्यावर

'सिनेमा सुटला' हा शब्दप्रयोग मला आवडतो. शाळा सुटते, गाडी सुटते, तसा सिनेमाही सुटतो आणि सुटला की माणसं आपापल्या वाटेनं पांगतात. आमच्या पांढुर्णा-सौसरकडे वर्षानुवर्षं हेच चालत आलं. पुरुषमंडळी टॉकीजबाहेरच्या पानठेल्यावर दहा मिनिटं थांबायची, मारामारी कशी होती, गाणी कशी होती ते बोलायची. बायकांच्या डोक्यात तोवर घरची कणीक आलेली असायची. वाटेत एखादीनं विचारलंच, "कसा वाटला वो?" तर दुसरी म्हणायची, "बरा होता." तीन तासांचा सिनेमा एवढ्या दोन शब्दांत आटपायचा.

यात वाईट काय, असं कुणी विचारेल. वाईट काहीच नाही. पण जगात अशीही माणसं होऊन गेली, की ज्यांचा सिनेमा सुटल्यावरच खरा सुरू व्हायचा. पडदा पांढरा झाला, दिवे लागले, तरी ती खुर्चीतून उठत नसत. 'बरा होता' म्हणून त्यांचं भागत नसे. बरा का होता, कुठे खोटा वाटला, ती बाई दारापाशी थांबली ती का थांबली, यावर तास तास बोलत बसत. अशा मंडळांना फिल्म सोसायटी म्हणतात. आपल्या बायकांना या मंडळांचा इतिहास कुणी फारसा सांगत नाही. खरं तर त्या इतिहासात एक मराठी बाई अगदी मधोमध बसलेली आहे.

त्यांचं नाव विजया मुळे. जन्म 1921, मुंबईचा. तेव्हाच्या रीतीप्रमाणे लग्न लवकर झालं आणि त्या नवऱ्याबरोबर बिहारात पाटण्याला गेल्या. नवं गाव, नवी भाषा. आपल्या भागात दिलेल्या पुष्कळ मुली अशाच कुठून कुठून येतात, त्यामुळे ते दिवस कसे असतील हे मी वेगळं सांगायला नको. पण पाटणा विद्यापीठात एक सोय होती. बायकांना घरी अभ्यास करून खाजगी परीक्षा देता यायची आणि पदवी मिळायची. तेव्हा अशी सोय फार थोड्या विद्यापीठांत होती. मुळेबाईंनी ती पदवी घेतली आणि 1946 मध्ये शिष्यवृत्ती मिळवून शिक्षणशास्त्र शिकायला इंग्लंडमधल्या लीड्स विद्यापीठात गेल्या. देश स्वतंत्र व्हायला अजून वर्ष होतं.

त्या लीड्समध्ये त्यांना विद्यापीठाची फिल्म सोसायटी भेटली. अभ्यासाला गेलेली बाई शिक्षणाची पदवी तर घेऊन आलीच, पण येताना ही एक सवयही घेऊन आली. सिनेमा नुसता बघायचा नसतो, त्यावर विचार करायचा असतो, ही ती सवय. पाटण्याला परतल्यावर त्यांनी तिथे फिल्म सोसायटी उभी करायला हातभार लावला. पुढे 1954 मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण खात्यात नोकरी लागली, दिल्लीला गेल्या, तर तिथेही तेच काम. लोक त्यांना 'अक्का' म्हणत. परक्या मुलखात मराठी बाईला लोकांनी अक्का म्हणावं, यावरून त्यांचं वागणं कसं असेल ते समजतं.

तिकडे कलकत्त्यात 1947 मध्ये सत्यजित राय, चिदानंद दासगुप्ता आणि त्यांच्या मित्रांनी कलकत्ता फिल्म सोसायटी काढली होती. राय तेव्हा जाहिरात कंपनीत चित्रं काढायचे. 'पथेर पांचाली' यायला अजून आठ वर्षं होती. म्हणजे हा जगप्रसिद्ध दिग्दर्शक आधी प्रेक्षक होता, चांगला, चौकस, प्रश्न विचारणारा प्रेक्षक, आणि मग दिग्दर्शक झाला. 1959 मध्ये कलकत्ता, दिल्ली, मुंबई, मद्रास, पाटणा, रुरकी अशा ठिकाणच्या सोसायट्या एकत्र आल्या आणि त्यांचं फेडरेशन झालं. अध्यक्ष सत्यजित राय. चिटणीस दोघं, चिदानंद दासगुप्ता आणि आपल्या विजया मुळे. उपाध्यक्षांत अम्मू स्वामिनाथन होत्या. या संविधान सभेच्या सदस्य, आणि आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी यांच्या आई. पुढे इंदिरा गांधीही या फेडरेशनच्या उपाध्यक्ष होत्या. इंग्लंडहून मेरी सेटन नावाच्या बाई आल्या, त्यांनी देशभर फिरून सिनेमा कसा पाहावा यावर व्याख्यानं दिली. या चळवळीत बायका नुसत्या चहापाण्याला नव्हत्या, हे आपण नीट लक्षात ठेवलं पाहिजे.

या सोसायट्यांचं काम कसं चाले तेही सांगते. सभासदांनी वर्गणी काढायची. टॉकीजमध्ये कधी न येणारे सिनेमे निरनिराळ्या देशांच्या वकिलातींकडून मागवायचे. रिळांचे डबे स्टेशनवर उतरवून घ्यायचे, एखाद्या कॉलेजचं सभागृह मिळवायचं, पडदा लावायचा. सिनेमा झाला की बोलायचं आणि दुसऱ्या दिवशी डबे परत पाठवायचे. काही ठिकाणी विद्यापीठांतच अशी मंडळं निघाली. आग्र्याला सतीश बहादुर नावाचे अर्थशास्त्राचे प्राध्यापक विद्यार्थ्यांना जमवून सिनेमे दाखवत. त्यांना पुढे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये सिनेमा-रसास्वाद शिकवायलाच बोलावलं. 1964 मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं, 1968 मध्ये मुंबईत प्रभात चित्र मंडळ निघालं. मराठी मुलखात ही चळवळ अशी रुजली. सगळेच सभासद काही विचारवंत नव्हते. विदेशी सिनेमे न कापता बघायला मिळतात एवढ्याच लोभानं येणारेही पुष्कळ असायचे. त्यामुळे घरंदाज बायकांनी तिकडे जावं का, अशी कुजबूजही असायची. ती कुजबूज आपल्याला नवी नाही.

आमच्या गावांपर्यंत मात्र हे काही पोचलं नाही. 1956 मध्ये राज्यांच्या सीमा नव्यानं आखल्या गेल्या, नागपूर-विदर्भ मुंबई राज्यात गेलं आणि पुढे महाराष्ट्रात आलं. आपला छिंदवाडा जिल्हा मध्य प्रदेशात राहिला. घरात मराठी, बाजारात हिंदी, शाळेत कधी ही कधी ती. 2023 मध्ये पांढुर्णा वेगळा जिल्हा झाला, सौसर त्यात आलं, तरी भाषेचं हे दुहेरी दळण तसंच आहे. मराठी सिनेमा बघायचा तर नागपूर गाठायचं, नाहीतर टीव्हीवर लागायची वाट बघायची. पुण्या-मुंबईची चर्चा इथे येईस्तोवर शिळी झालेली असते. तरी एक गोष्ट आपल्या प्रत्येकीच्या घरात पोचली होती आणि ती कुणी पाठवली हे आपल्याला ठाऊकच नव्हतं. दूरदर्शनवर लागायचा तो 'एक, अनेक और एकता' आठवतो? ताई धाकट्या भावंडांना गोष्ट सांगते, पारध्याच्या जाळ्यात अडकलेले पक्षी जाळ्यासकट उडतात, उंदीर जाळं कुरतडतात. 1974 मध्ये तो सात मिनिटांचा चित्रपट केला विजया मुळे यांनी. चित्रं हलती केली भीमसेन यांनी. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आपली मुलं ते गाणं म्हणतच मोठी झाली. विद्यापीठाच्या फिल्म सोसायटीत सिनेमा बघायला शिकलेल्या बाईनं देशातल्या पोराबाळांना काय दिलं, तर जाळं घेऊन उडणाऱ्या पक्ष्यांची एक अद्भुत गोष्ट.

इथे मी माझ्या मुद्द्यावर येते. फिल्म सोसायटी म्हटलं की लोकांना वाटतं गंभीर, रडका, कळायला अवघड असा सिनेमा. हसायचा सिनेमा म्हणजे टाइमपास, त्यावर काय बोलायचं? पण फेडरेशनचे अध्यक्ष असलेल्या राय यांनीच 1969 मध्ये एक भुतांचा, गाण्यांचा, जादूच्या चपलांचा सिनेमा काढला. 'गुपी गाइन बाघा बाइन.' मूळ गोष्ट त्यांचे आजोबा उपेंद्रकिशोर यांची. मुलानं हट्ट धरला की बाबा, सगळे मोठ्यांचे दुःखी सिनेमे करता, एक आमच्यासाठी करा. म्हणून केला. बंगालमध्ये तो महिनोन्‌महिने चालला आणि देशातला सर्वोत्कृष्ट चित्रपट म्हणून त्याला राष्ट्रपतींचं सुवर्णपदकही मिळालं. त्याच वर्षी आलेल्या मृणाल सेन यांच्या 'भुवन शोम'मध्ये अक्कांची मुलगी सुहासिनी मुळे होती, हा आणखी एक योगायोग.

गोष्ट थोडक्यात अशी. गुपीला गाता येत नाही तरी गातो, बाघाला ढोल वाजवता येत नाही तरी वाजवतो. दोघांनाही गावाबाहेर हाकललेलं. रानात त्यांना भुतांचा राजा भेटतो. भुतांचा लांबलचक नाच होतो, त्यात राजे भुतं, शेतकरी भुतं, गोरे साहेब भुतं आणि पोट सुटलेली जाडी भुतं, अशा चार जाती. मग भूतराजा या दोघांना तीन वर देतो. टाळी दिली की हवं ते खायला-ल्यायला मिळेल. चपला घातल्या की हवं तिथे जाता येईल. आणि गाऊ-वाजवू लागले की ऐकणारा जागच्या जागी खिळून राहील. या तीन वरांच्या जोरावर ते दोन राज्यांमधली लढाई थांबवतात. कशी? उपाशी ठेवलेल्या सैनिकांवर आभाळातून मिठाईची मडकी उतरतात. सैनिक भाले टाकून मिठाईकडे धावतात. झाली लढाई!

हा सिनेमा मागच्या चातुर्मासात आम्ही आठ-नऊ जणींनी मिळून घरच्या टीव्हीवर पाहिला. भाषा बंगाली, खाली इंग्रजी पाट्या. एका घरची सून त्या पाट्या वाचून भराभर मराठीत सांगत होती, आणि तिची सासू दर पाच मिनिटांनी "हळू सांग वो" म्हणत होती. दुपारी एकला सुरू केला, कारण आमच्यातल्या निम्म्या जणी सूर्यास्तानंतर पाणीसुद्धा घेत नाहीत. फिल्म सोसायट्यांचे खेळ संध्याकाळी असतात. आपलं घड्याळ वेगळं.

सिनेमा सुटला आणि मी म्हटलं, कुणी उठायचं नाही. आधी सगळ्या गप्प. मग सत्तरीच्या एक काकू, ज्या स्वाध्यायातही सहसा बोलत नाहीत, त्या म्हणाल्या, "यात अद्भुत काय आहे? टाळी वाजवली की ताट हजर. आमच्या घरी पन्नास वर्षं हेच चाललंय. आमचे तर टाळीसुद्धा वाजवत नाहीत, नुसतं खाकरतात."

हसू आवरेना कुणाला. पण हसणं ओसरलं तसं लक्षात आलं, की काकूंनी एका वाक्यात सिनेमाची पाठची बाजू उलटून दाखवली होती. आभाळातून जी पात्रं उतरतात, ती कुठल्यातरी स्वयंपाकघरातून आलेली असणार. भुतांच्या राज्यात रांधतं कोण, हे सिनेमात कुणी विचारत नाही. पुरुषाच्या स्वप्नातली जादू म्हणजे बाईचं रोजचं काम, फक्त त्यातली बाई अदृश्य केलेली. मोठमोठ्या समीक्षकांनी या सिनेमावर लिहिलं असेल, पण हे बघायला पन्नास वर्षं चुलीपाशी काढलेली बाईच लागते.

तेवढ्यात ती पाट्या वाचणारी सून बोलली. सासूसमोर, आणि काकूंच्या विरुद्ध. म्हणाली, "पण काकू, एक पाहिलं का? त्यांना एकट्याला टाळी वाजवता येत नाही. एकानं हात पुढे केला आणि दुसऱ्यानं त्यावर मारला तरच ताट येतं. एकटा गुपी उपाशीच राहील." हे खरं होतं, आणि आमच्या कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं. काकू क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "मग आमच्याकडच्या जादूत दुसरा हात कुणाचा, ते शोधायला पाहिजे."

मग बोलणं सुटलंच. एकीनं विचारलं, सगळ्या सिनेमात बाई कुठे आहे? आम्ही मोजलं. शेवटी बक्षीस म्हणून दोन राजकन्या येतात, तेवढ्याच. दुसरी म्हणाली, पोरांसाठी केलेला सिनेमा आहे, त्यात बाई नाही म्हणून काय बिघडलं? तिसरी म्हणाली, "पोरांमध्ये पोरी येत नाहीत का?" चौथीनं वेगळंच काढलं. लढाई मिठाईनं थांबत नाही, ती थांबते कारण सैनिक उपाशी होते आणि उपाशी माणसाचं शेजारच्या राज्याशी काही भांडण नसतं, भांडण मंत्र्याचं होतं. यावर साहजिकच पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाचा विषय निघाला. जाम नदीच्या एका काठावर पांढुर्णा, दुसऱ्यावर सावरगाव, आणि मधे दगडांचा पाऊस. गोटमारीला मिठाईची मडकी उतरली तर? "आपल्याकडचे लोक मडकीच फेकून मारतील," असं एक जण म्हणाली. या वाक्यावर हसावं की नाही, ते कळेना. कारण त्या खेळात जखमी झालेल्यांना पट्ट्या बांधणाऱ्या बायका आमच्यातच बसल्या होत्या.

आता सांगा, हा टाइमपास होता का? गंभीर सिनेमा पाहिला असता तर काकू बोलल्या नसत्या. तिथे आपल्याला काही कळत नाही असं वाटून बाई गप्प बसते. भुताच्या, चपलांच्या, टाळीच्या गोष्टीवर बोलायला भीती वाटत नाही. गंमत आहे म्हणून जीभ सैल सुटते आणि सैल सुटलेली जीभ खरं बोलून जाते.

मराठीत असे गमतीचे अद्भुत सिनेमे काही कमी नाहीत. 1982 चा 'एक डाव भुताचा', पटकथा-संवाद द. मा. मिरासदारांचे. भित्र्या मास्तराच्या मदतीला शिवकाळातलं भूत येतं. दिलीप प्रभावळकर मास्तर आणि अशोक सराफ भूत. 1993 चा 'झपाटलेला', ज्यात रामदास पाध्यांनी घडवलेल्या बाहुल्यात गुंडाचा आत्मा शिरतो आणि लक्ष्मीकांत बेर्ड्यांची त्रेधा उडते. पण आपल्या कामाचा सिनेमा म्हणजे 2004 चा 'अगं बाई अरेच्चा!' केदार शिंदे यांचा हा पहिला सिनेमा. संजय नार्वेकरांनी केलेला श्रीरंग देशमुख हा चाळीत राहणारा माणूस, घरच्या आणि ऑफिसातल्या बायकांना कंटाळलेला. देवीच्या कृपेनं त्याला एकाएकी बायकांच्या मनातलं ऐकू यायला लागतं. हॉलीवूडमध्ये 2000 साली याच कल्पनेवर एक सिनेमा येऊन गेला होता. पण आपल्याकडे ही कल्पना जत्रेतून, देवीच्या कौलातून आली, म्हणून ती आपली वाटली.

पुढच्या बैठकीत आम्ही हा लावला. पाहिलेला सगळ्यांनीच होता, बोलल्या मात्र पहिल्यांदा. एक वहिनी तावातावानं म्हणाल्या, "बाईच्या मनातलं ऐकायला देवीचा वर कशाला पाहिजे? तोंडानं विचारायचं. दोन पैशांचाही खर्च नाही." सगळ्यांनी माना डोलावल्या. तेव्हा एक शिक्षिका हळूच म्हणाली, "विचारल्यावर आपण खरं सांगतो का? 'काय झालं' म्हटलं की आपण म्हणतो, 'काही नाही.' तीस वर्षं मी हेच उत्तर देतेय." खोली एकदम शांत झाली. मग ज्या वहिनी तावातावानं बोलत होत्या त्याच म्हणाल्या, "खरं सांगितल्यावर काय होतं ते एकदा पाहिलंय न, म्हणून 'काही नाही' म्हणते." त्यापुढे त्या काही बोलल्या नाहीत आणि आम्हीही विचारलं नाही. सिनेमात नायकाला ऐकू येतं. इथे कुणाला वर मिळालेला नव्हता, तरी त्या दिवशी आम्हाला एकमेकींचं ऐकू आलं.

याच दिग्दर्शकाचा 'बाईपण भारी देवा' 2023 मध्ये आला तेव्हा बायका घोळक्यानं टॉकीजला गेल्या. आमच्याकडच्याही कितीतरी जणी नागपूरला जाऊन आल्या, नऊवारी नेसून, गॉगल लावून. मला त्याचा आनंदच आहे. पण परतीच्या गाडीत बोलणं झालं ते फोटो कुणाचे चांगले आले यावर. सहा बहिणींच्या सहा दुखण्यांपैकी आपलं कुठलं, हा प्रश्न पांढुर्णा स्टेशनपर्यंत कुणी काढला नाही. आता तर तेही राहिलं नाही. सिनेमा मोबाइलवर आला. एकाच घरात सासू एका खोलीत, सून दुसऱ्या खोलीत, कानात बोंडं घालून आपापला सिनेमा बघतात. सुटण्याची वेळच येत नाही, एक संपला की दुसरा आपोआप सुरू. 'बरा होता' एवढं म्हणायलाही समोर कुणी नसतं.

कुणाला वाटेल, ही फिल्म सोसायटीची थेरं इंग्लंड-बंगालमधून आलेली, आपल्याला कशाला? म्हणून एक जुनी गोष्ट सांगते, बाराशे वर्षांपूर्वीची आणि आपल्याच मध्य प्रदेशातली. आठव्या शतकात होऊन गेलेल्या आचार्य हरिभद्रसूरींनी 'धूर्ताख्यान' नावाचा प्राकृत ग्रंथ लिहिला. भाषा जैन महाराष्ट्री, म्हणजे आपल्या मराठीच्या घराण्यातली. मुनी जिनविजयजींनी तो 1944 मध्ये मुंबईहून छापला आणि त्यावर विस्तारानं लिहिलं ते डॉ. आ. ने. उपाध्ये यांनी. बेळगाव जिल्ह्यातल्या सदलग्याचे, कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात शिकवणारे हे मोठे जैन पंडित.

ग्रंथातला प्रसंग असा. उज्जयिनीबाहेरच्या बागेत पाच ठकांचे तांडे पावसानं अडकलेत. चार तांड्यांचे पुढारी पुरुष, पाचव्या तांड्याची पुढारी खंडपाना नावाची बाई, आणि तिच्या हाताखाली पाचशे ठक बायका. पाऊस थांबेना, पोटात अन्न नाही. तेव्हा पैज लागते. प्रत्येकानं आपल्यावर गुदरलेली गोष्ट सांगायची. ऐकणाऱ्यांनी पुराणांतले, महाकाव्यांतले दाखले देऊन ती खरी ठरवायची. जो म्हणेल 'हे खोटं, असं होऊच शकत नाही', त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं. मग काय गोष्टी! एक सांगतो, हत्ती मागे लागला म्हणून मी कमंडलूत शिरलो, हत्तीही मागोमाग आत शिरला, सहा महिने आतल्या आत पळापळ, शेवटी मी तोटीतून बाहेर आलो आणि हत्तीही आला, पण त्याच्या शेपटीचा एक केस तोटीत अडकला! दुसऱ्याच्या गोष्टीत सगळं गावच्या गाव काकडीत जाऊन बसतं. बाकीचे गंभीरपणे दाखले देऊन हे सगळं शक्य ठरवतात. हरिभद्रसूरींचा रोख तेव्हाच्या पुराणांतल्या अतिशयोक्तीवर होता. आपल्याही कथांत अतिशयोक्ती थोडकी नाही, म्हणून त्यात दुसऱ्याला हसण्यापेक्षा आपण आपलं काय डोळे झाकून मानतो ते तपासणं बरं.

शेवटी खंडपानेची पाळी येते. ती गोष्ट सांगत सांगत म्हणते, माझी कपडे धुण्याची कामं होती, वाऱ्यानं कपडे उडाले, नोकर पळून गेले. तेच नोकर मी शोधत होते. ते तुम्हीच, आणि तुमच्या अंगावर आहेत ते कपडे माझे! आता खरं म्हणावं तर चौघे तिचे नोकर ठरतात, खोटं म्हणावं तर सगळ्यांना जेवण द्यावं लागतं. चारही पुढारी हात टेकतात, तूच शहाणी म्हणतात. आणि मग जेवणाची सोयही तीच करते. कशी करते ते मात्र इथे सांगत नाही, ती शेवटी ठकच होती.

मी हे वाचलं तेव्हा मला त्या बागेत आमचीच बैठक दिसली. पाऊस, अडकलेली माणसं, अचाट गोष्टी, त्यांची उलटतपासणी, आणि सगळ्यात शेवटी बोलणारी बाई. लीड्सच्या विद्यार्थ्यांनी, कलकत्त्याच्या मित्रमंडळानं सिनेमासाठी जे केलं, ते आपल्या परंपरेत गोष्टीसाठी होतंच. स्वाध्यायाचे पाच भेद आपण पाठ म्हणतो, वाचना, पृच्छना, अनुप्रेक्षा, आम्नाय, धर्मोपदेश. यातली वाचना आपण करतो, उपदेश ऐकतो. दुसरी जी पृच्छना, म्हणजे शंका विचारणं, ती बायकांकडून कधी झाली? बाई विचारू लागली की 'फार बोलते' म्हणतात. सिनेमावर विचारायची सवय लागली तर पोथीवर विचारायलाही जीभ वळेल, असं मला वाटतं. काहींना हे आवडणार नाही. माझं म्हणणं मात्र हेच आहे.

विजया मुळे 2019 मध्ये, वयाच्या अठ्ठ्याण्णवाव्या वर्षी गेल्या. ऐंशी उलटल्यावर त्यांनी विदेशी सिनेमांत भारत कसा दाखवला यावर जाडजूड पुस्तक लिहायला घेतलं आणि नव्वदीच्या उंबरठ्यावर ते छापून आणलं. घरी बसून खाजगी परीक्षा देणाऱ्या बाईचा हा प्रवास. आपल्याला एवढं करायचं नाही. सौसर असो की पांढुर्णा, एका घरचा टीव्ही, दहा खुर्च्या, महिन्यातली एक दुपार पुरे. सिनेमा शक्यतो हसायचा निवडा. सुनांना बोलवा आणि त्यांना चहा करायला उठवू नका, चहा आधीच थर्मासात भरून ठेवा. पैज खंडपानेच्या काळचीच ठेवू. सिनेमा सुटल्यावर जी नुसतं 'बरा होता' म्हणेल, तिनं दिवस मावळायच्या आत सगळ्यांना पोहे खाऊ घालायचे.